जेवायला बसू, पण कोठे?

घरात एखादी आनंदाची बातमी आली की आपण म्हणतो, "चला, आज बाहेर जेवू!" मग दादा-दादी, नाना-नानी, अम्मी-अब्बा आणि लहान भावंडे अशा तीन पिढ्या एकत्र निघतात. अशा वेळी हॉटेल कोणते निवडावे? जेथील जेवण चमचमीत, त्याचेच नाव तुम्ही सांगाल. मीही पूर्वी तसेच सांगत असे.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली. आम्ही घरातील नऊ माणसे धुळ्याच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. जेवण उत्तम होते. पण टीव्ही मोठ्याने चालू होता, पाठीमागे कूलर घोंघावत होता आणि रस्त्यावर ट्रकचे हॉर्न वाजत होते. नानाजान सर्वांकडे पाहून नुसते हसत होते. भावाने विचारले, "नानाजान, मी पुण्याला जाऊ ना?" ते म्हणाले, "हो बेटा, अजून थोडी डाळ घे." सगळे हसले. तेही हसले. घरी आल्यावर मात्र ते अम्मीला हळूच म्हणाले, "मुलगा मला काय विचारत होता गं? मला काहीच ऐकू आले नाही." ते ऐकून मला फार वाईट वाटले. नानाजान आमच्याबरोबर बसले होते, पण आमच्या बोलण्यात ते नव्हतेच.

असे का झाले? नानाजानांनी आयुष्यभर यंत्रमाग चालवला. धुळ्यातील कितीतरी घरांचा हा व्यवसाय आहे. आवाज डेसिबल या एककात मोजतात. आपले साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते, तर यंत्रमागाच्या कारखान्यातील आवाज बहुधा ९० डेसिबलहून अधिक असतो. १० डेसिबल वाढले की आवाज कानाला जवळजवळ दुप्पट वाटतो. मग ९० डेसिबल म्हणजे किती गोंगाट, याचा विचार करा. असा आवाज वर्षानुवर्षे ऐकला की कान अधू होतात. वय वाढले की इतरांचेही ऐकणे कमी होते. त्यात बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ यांचे आवाज त्यांपैकीच आहेत. म्हणून वृद्ध माणसाला 'शाळा' आणि 'काळा' हे शब्द सारखेच वाटू शकतात. शांत खोलीत तो संदर्भाने अर्थ लावतो. गोंगाटात तेही जमत नाही. श्रवणयंत्र लावले तरी ही अडचण पूर्णपणे सुटत नाही, कारण ते बोलण्याबरोबर आजूबाजूचा आवाजही वाढवते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गोंगाटात माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे दाखवून दिले. शेजारच्या टेबलावरची माणसे मोठ्याने बोलू लागली की आपण त्याहून मोठ्याने बोलतो. असे करता करता भरलेले हॉटेल बाजारासारखे गजबजते.

तर मग जागा कशी निवडावी? जळगावात स्टेशनचा परिसर नेहमी गजबजलेला असतो. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना मिळतात. अशा ठिकाणी रस्त्याला लागून बसण्यापेक्षा आतल्या गल्लीतील हॉटेल बरे. गुळगुळीत फरशी, काच आणि पत्रा आवाज परत फेकतात. जाड पडदे आणि गाद्या तो शोषून घेतात. शेजारी लग्नाचे कार्यालय आहे का, तेही पाहा. लग्नसराईत बँड वाजणारच!

शक्य असेल तर आदल्या दिवशी, ज्या वेळी जेवायला जायचे त्याच वेळी, जागा पाहून या. दुपारी शांत असलेले हॉटेल रात्रीही शांत असेलच असे नाही. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही बसा, दुसऱ्या बाजूला भावाला बसवा. तो नेहमीच्या आवाजात बोलला आणि तुम्हाला "काय म्हणालास?" असे विचारावे लागले, तर ती जागा नानाजानांसाठी नाही. पायऱ्या किती आहेत, मांसाहार हलाल आहे का, कमी तिखट काय मिळेल, हेही विचारून घ्या. खानदेशी शेवभाजी तुम्हाला आवडेल. पण आजीला मऊ खिचडी किंवा वांग्याचे भरीत बरे वाटेल. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे!

जेवायला लवकर जा. मगरिबच्या नमाजानंतर लगेच गेलात तर गर्दी कमी असते. स्वयंपाकघराचे दार, गल्ला आणि हात धुण्याची जागा यांपासून दूरचे टेबल मागा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर लागतोच, पण वृद्धांना त्याच्या तोंडाशी बसवू नका. त्यांना भिंतीकडे पाठ करून, सर्वांचे चेहरे दिसतील असे बसवा. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असला की ओठ पाहूनही पुष्कळ समजते. टीव्हीचा आवाज कमी करण्याची विनंती मालकाला नम्रपणे करा. बहुतेक जण ऐकतात.

पुढे ईदच्या सुट्टीत भाऊ घरी आला, तेव्हा आम्ही जळगावला खालाजानकडे गेलो होतो. या वेळी हॉटेल आम्ही असेच पारखून निवडले. जेवताना भावाने नानाजानांना पुन्हा तोच प्रश्न विचारला, "नानाजान, मी पुण्याला गेलो ते बरे केले ना?" नानाजानांनी हातातला घास खाली ठेवला. ते म्हणाले, "बरे केलेस बेटा. पण दर महिन्याला पत्र लिहीत जा. फोनवर मला नीट ऐकू येत नाही." आता भाऊ दर महिन्याला त्यांना पत्र लिहितो.

तुमच्या घरी बाहेर जेवायला जाण्याचा बेत ठरला, तर आधी एक प्रश्न विचारा : आपल्यापैकी सर्वांत कमी कोणाला ऐकू येते? त्यांना सोयीचे होईल असेच हॉटेल निवडा.