आधार द्यावा, काम हिरावू नये

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मातृप्रेमाचे पुस्तक म्हणून ते घरोघरी वाचले जाते. परंतु त्यातील पोहण्याचा प्रसंग पालकांनी पुन्हा वाचण्याजोगा आहे. पाण्याला भिणारा श्याम घरात लपून बसतो. आई त्याला पाठीशी घालीत नाही. शोधून काढून विहिरीवर पाठविते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ असते. तरीही मुलगा निराधार नसतो. विहिरीवर पोहणारी जाणती माणसे हजर असतात.

या प्रसंगी आई श्यामला मारते, ते मात्र अनुकरणीय नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई आहे. घरीही मारामुळे धिटाई येत नाही. घ्यावयाचा तो आईचा विचार.

आज पहिलीच्या वर्गाच्या दाराशी काय दिसते? दप्तर आईच्या खांद्यावर, बुटाची नाडी वडिलांच्या हातात, आणि विसरलेली वही घेऊन आजोबा धावत येतात. हेतू मायेचाच असतो. परंतु ‘हे मला जमणारे नाही’ असा अर्थ मूल त्यातून काढते. वडील नाडी एका मिनिटात बांधतात, मुलाला पाच मिनिटे लागतात. ती वरची चार मिनिटे वाया जात नाहीत. बोटांना वळण त्यांतच लागते.

धोका आणि गैरसोय यांतील भेद मात्र ओळखला पाहिजे. विहीर, विस्तव, रहदारीचा रस्ता येथे मोठ्या माणसाने जवळ असलेच पाहिजे. वही विसरणे, दूध सांडणे, खेळात हरणे ही केवळ गैरसोय होय, तेथे थांबावे. सांडलेले मुलानेच पुसावे, कसे पुसावे ते एकदा दाखवावे.

हे पथ्य शिक्षकांनीही पाळावे. प्रश्न विचारल्यावर उत्तर स्वतःच सांगण्याची घाई करू नये. पालकसभेत प्रत्येक घराने एकच काम ठरवावे: डबा धुणे, दप्तर भरणे किंवा अंथरूण घडी करणे. महिनाभर ते मुलाकडेच राहू द्यावे. पहिले काही दिवस घडी वाकडी पडेल. ती पाठीमागून सरळ करू नये.