सहाचा हिशेब

कोलंबोच्या मुक्कामातील पुणे मराठाज संघाच्या साखळी सामन्यांची कैफियत या खेपेस मांडण्याचे मी कबूल केले होते. परंतु ज्यांची उभी हयात कापडाच्या गादीवर गेली अशा एका वाचकांनी परवा शुक्रवार पेठेत मला भर रस्त्यात गाठून असा काही सवाल टाकला, की ती कैफियत आठवडाभर तहकूब करणे मला भाग आहे. "२०१२ च्या अंतिम सामन्यात पुण्याने दिल्ली डिफेंडर्सना सहा-शून्य असे हरवले, हे तुम्हीच लिहिलेत. अहो, सहा गोल म्हणजे धूळधाण! मग तिला अटीतटीची झुंज म्हणता ते कोणत्या तोंडाने?"

दोष माझाच. इलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया हे त्या नामशेष लीगचे नाव मी वारंवार घेत गेलो, आणि 'फुटबॉल' या एका शब्दाने माझ्या वाचकांना गोलांच्या हिशेबात नेऊन बसवले. ही लीग मात्र अमेरिकी फुटबॉलची. त्या खेळात चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेला, म्हणजे टचडाउन झाला, की सहा गुण एकदम पदरात पडतात, पाठोपाठची किक खांबांमधून गेल्यास सातवा, आणि खेळ चालू असता नुसत्या किकेने साधलेल्या गोलाचे तीन. सबब दिल्लीने एक टचडाउन व त्यावरची एक किक साधली असती, तर तोच चषक सात-सहाने त्यांच्याकडे गेला असता.

पण सहाच का? या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा मला जुना नाद आहे. या खेळाचे मूळ जे रग्बी, त्याच्या आरंभीच्या नियमांत चेंडू रेषेपार टेकवण्याला स्वतःचे मोलच नव्हते. त्यायोगे गोलासाठी लाथ मारून पाहण्याचा केवळ अधिकार मिळे, आणि म्हणूनच त्या कृतीस 'ट्राय', म्हणजे प्रयत्न, असे विनम्र नाव पडले. १८८३ साली अमेरिकेत वॉल्टर कॅम्प यांच्या पुढाकाराने गुणांची पहिली जंत्री ठरली, तेव्हाही टचडाउनला दोन, त्यावरील किकेला चार आणि खेळातून साधलेल्या गोलाला पाच असाच भाव होता. पायाची सरदारी अबाधित होती. पुढे टचडाउन चारांवर, मग पाचांवर चढला. किकेचा गोल १९०४ साली चारांवर व १९०९ साली तिनांवर उतरला. आणि १९१२ साली टचडाउनला सहा गुण बहाल होऊन हाताची सद्दी कायम झाली. पायाचे नाव मिरवणाऱ्या खेळात पायाचीच अशी पदावनती व्हावी, यात मला आजही गंमत वाटते.

त्याच १९१२ साली दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनाऐवजी चार डाव देण्याचा नियम झाला, हे मी शुक्रवार पेठेतल्या त्या कापडवाल्या गृहस्थांना सांगत होतो तोच त्यांनी मला थांबवले.

"यार्ड म्हणजे आपला वारच ना?"

"तोच."

त्यांनी दोन्ही हात फाकून हवेतच कापड मापले. "म्हणजे चार डावांत अख्खे नऊवारी उलगडले, तरी एक वार कमीच पडणार आणि चेंडू दिल्लीवाल्याकडे?"

होय, म्हणालो.


"मग लुगडी विकणाऱ्याचा हा खेळ नव्हे," असे म्हणून ते चहा सांगायला वळले.