रिमोटची गाडी दगडावर चढते तरी कशी? क्रॉलर घेण्याआधी हे चार प्रकार समजून घ्या

रील्समध्ये तुम्हीही पाहिलं असेल. वीतभर उंचीची जीप एका दगडासमोर थांबते, एक चाक वर टाकते, जरा डुलते आणि सावकाश वर चढते. हे पाहून आपण ऑनलाइन 'ऑफ-रोड आरसी कार' मागवतो. ती घरातल्या फरशीवर सुसाट पळते आणि पहिल्याच दगडाला अडकते.

कारण सोपं आहे. ऑफ-रोड लिहिलेली प्रत्येक गाडी क्रॉलर नसते.

क्रॉलर म्हणजे नेमकं काय?

वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून साध्या गाडीत डिफरन्शियल असतो. पण एक चाक हवेत उचललं गेलं की सगळा जोर त्याच चाकात जातो आणि ते नुसतं गरगरतं. क्रॉलरमध्ये डिफरन्शियल लॉक असतो, त्यामुळे दोन्ही चाकं एकत्रच फिरतात आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढतं. मोबदल्यात गाडी वळायला जास्त जागा घेते.

मोटरही वेगळी असते. ब्रश्ड मोटरच्या खोक्यावर ३५ टर्न, ५५ टर्न असं लिहिलेलं असतं. साधारणपणे टर्न जितके जास्त, तितका वेग कमी आणि ताबा जास्त. शिवाय ड्रॅग ब्रेक असतो. ट्रिगर सोडला की गाडी उतारावर तिथेच उभी राहते.

चार प्रकार

१. ट्रेल किंवा स्केल क्रॉलर: दिसायला हुबेहूब खरी जीप, बहुतेकदा १/१० आकाराची. ट्रॅक्सास कंपनीची २०१७ सालची टीआरएक्स-४ हे गाजलेलं उदाहरण. तिच्यात पोर्टल ॲक्सल आहेत, म्हणजे चाकापाशी गिअर देऊन ॲक्सल वर उचललेला असतो. त्यामुळे पोटाखालून दगड निघून जातो. तिचा डिफरन्शियल रिमोटवरून लॉक करता येतो आणि सोडताही येतो. पहिली गाडी म्हणून हा प्रकार उत्तम.

२. कॉम्पिटिशन क्रॉलर: दिसण्याशी हिला देणंघेणं नाही. चासी अरुंद, बॉडी नावापुरती आणि वजन शक्य तितकं खाली व पुढे. बऱ्याचदा पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतात आणि गाडीला वर ओढतात. चढण्यात हिचा हात कोणी धरत नाही, पण सपाट वाटेवर ती कंटाळवाणी.

३. रॉक बाउन्सर आणि रॉक रेसर: पाइपचा सांगाडा, ताकदवान मोटर आणि मोठा वेग. क्रॉलर विचार करून चढतो, ही झेप घेऊन. मजा खूप, मोडतोडही तितकीच.

४. मिनी क्रॉलर: १/१८ किंवा १/२४ आकाराची. ॲक्सिअलची एससीएक्स२४ जेमतेम २० सेंटिमीटर लांब. चार दगड आणि दोन कुंड्या मांडल्या की गॅलरीतच घाट तयार!

मग वरसाव्यात कोणती घ्यायची?

अंधेरीजवळचं वर्सोवा नव्हे, घोडबंदर रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो तिथलं वरसावे. एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. क्रॉलरला खडबडीत बेसॉल्ट खडक आवडतो, म्हणून इथली जागा नकाशावर स्वप्नवत वाटते. पण दोन्हीकडे अडचण आहे.

राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि तिथे बिबटेही आहेत. खाडीकाठी खारं पाणी. गाडीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलं असलं तरी बेअरिंग आणि स्क्रू गंजतातच. घोडबंदर किल्ल्याच्या जुन्या चिऱ्यांवर गाडी चढवण्याचा विचारही नको.

म्हणून इमारतीत राहणाऱ्यांसाठी मिनी क्रॉलर बरा. गावी किंवा ओळखीच्यांच्या शेतावर दगडधोंडे असतील, तर ट्रेल क्रॉलर. बाकीचे दोन प्रकार हात बसल्यावर.

शेवटची, पण महत्त्वाची गोष्ट

लायपो बॅटरी वापरत असाल, तर गाडीच्या स्पीड कंट्रोलरची सेटिंगही लायपोवरच हवी. नाहीतर बॅटरी प्रमाणाबाहेर उतरते आणि फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. चांगली बॅटरीसुद्धा चार्जिंगला लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका, तिला आग लागू शकते.

थोडक्यात, गाडी आवडली म्हणून घेऊ नका. आधी ती कुठे चालवणार ते ठरवा, प्रकार आपोआप ठरेल.