परागऋतू

परागऋतू : वाऱ्याने वाहून नेले जाणारे एखाद्या वनस्पतीचे पराग ज्या कालखंडात हवेमध्ये लक्षणीय प्रमाणात आढळतात, त्यास त्या वनस्पतीचा परागऋतू म्हणतात. हा ऋतू फुलोऱ्याच्या काळाशी निगडित असला, तरी दोन्ही एकच नव्हेत. उदा., फिनलंडमध्ये स्थानिक भूर्जवृक्ष फुलण्यापूर्वीच दक्षिणेकडील प्रदेशांतून त्यांचे पराग वाऱ्याबरोबर येऊन पोहोचतात. परागऋतूचा आरंभ व अखेर कोणत्या दिवशी मानावयाची, हा प्रश्न परागजन्य अधिहर्षतेच्या (ॲलर्जीच्या) संशोधनात महत्त्वाचा आहे.

मापन : गवताच्या परागांमुळे शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे ही परागज्वराची लक्षणे उद्‌भवतात, हे चार्ल्स ब्लॅक्ली या इंग्रज वैद्यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांनी दाखविले. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या हवेत ठेवून त्यांवर बसलेले पराग ते मोजीत. १९५२ मध्ये जे. एम्. हर्स्ट यांनी तयार केलेल्या सापळ्यात दर मिनिटास १० लिटर हवा एका अरुंद फटीतून शोषली जाते व तीतील कण सरकत्या चिकट पृष्ठावर बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखून व मोजून दर घन मीटर हवेतील परागांची दैनिक सरासरी काढतात. मात्र गवताच्या बहुतेक जातींचे पराग एकसारखे दिसत असल्याने ते एकत्रच मोजावे लागतात.

व्याख्येच्या पद्धती : पहिल्या पद्धतीत वर्षातील एकूण परागसंख्येचा ठराविक अंश विचारात घेतात. एकूण बेरजेच्या ५% पराग नोंदले गेले की ऋतूचा आरंभ व ९५% झाले की अखेर मानतात. काही संशोधक १% व ९९% या मर्यादा वापरतात. अर्थात वर्षाची बेरीज हाती येईपर्यंत या पद्धतीने आरंभ सांगता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत दैनिक संख्येने किमान मर्यादा गाठली की ऋतू सुरू झाला असे धरतात. ही पद्धत चालू ऋतूतही वापरता येते. परंतु दुरून आलेल्या परागांच्या एखाद्याच लोटामुळे ती फसू शकते.

पद्धतीगणिक तिथी कशी बदलते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एखाद्या ठिकाणी गवताच्या परागांची पहिल्या सात दिवसांची संख्या अनुक्रमे ४, १, ७, १२, २, ६ व ५ आणि वर्षाची बेरीज २,००० आहे, असे मानू. १० ही दैनिक मर्यादा धरल्यास ऋतू चौथ्या दिवशी सुरू होतो. ५ टक्क्यांच्या नियमाने १०० पराग व्हावे लागतात. सात दिवसांची बेरीज ३७ च असल्याने ऋतू अद्याप सुरूच झालेला नसतो.

संशोधनातील महत्त्व : नवीन औषधाच्या चाचणीत रुग्णांच्या एका गटास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषधी मात्रा देऊन दोन्ही गटांची परागऋतूतील लक्षणे ताडून पाहतात. ऋतू फार लांब धरल्यास हवेत पराग जवळजवळ नसलेले दिवसही हिशेबात येतात. त्या दिवशी दोन्ही गटांस त्रास कमी असल्याने गुणकारी औषधाचाही परिणाम फिका दिसतो. ऋतू फार आखूड धरल्यास रुग्णांनी प्रत्यक्ष सोसलेल्या त्रासाचा काही भाग वगळला जातो. व्याख्या निरनिराळ्या असल्यास दोन चाचण्यांची तुलनाही करता येत नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी युरोपीय अधिहर्षता व चिकित्सालयीन प्रतिरक्षाविज्ञान अकादमीने २०१७ मध्ये समान निकष सुचविले. गवताच्या बाबतीत लागोपाठच्या सात दिवसांपैकी पाच दिवस दर घन मीटरमध्ये प्रत्येकी किमान ३ पराग असावेत आणि त्या पाच दिवसांची बेरीज किमान ३० असावी; अशा पाच दिवसांतील पहिला दिवस हा आरंभ होय. ऋतूतील अशा अखेरच्या पाच दिवसांपैकी शेवटचा दिवस ही अखेर होय. वरील उदाहरणात पाच दिवसांची बेरीज ३४ असल्याने ऋतू पहिल्याच दिवशी सुरू होतो. भूर्जासाठी हेच आकडे १० व १०० असे आहेत. एकाच दिवसाच्या लोटाने ऋतू सुरू होऊ नये, हा या रचनेचा हेतू होय.

मर्यादा : हे निकष युरोपातील वनस्पती व हवामान यांना अनुसरून ठरविलेले आहेत. दिल्लीसारख्या ठिकाणी हवेतील पराग वसंतात व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा वाढतात. तेथे संपूर्ण वर्षाच्या बेरजेवरून ऋतू ठरविल्यास मधला विरळ परागांचा काळही ऋतूत गणला जाईल. शिवाय ऋतू पुढे सरकतो तशी रुग्णाची संवेदनक्षमता वाढून थोड्या परागांनीही लक्षणे उमटतात. म्हणून आरंभीचा व अखेरीचा समान आकडा रुग्णाच्या दृष्टीने समान नसतो. यास्तव परागऋतूविषयीच्या कोणत्याही निष्कर्षाबरोबर त्यासाठी वापरलेली व्याख्या देणे आवश्यक ठरते.