हायब्रिड गाडीवाले असेच असतात?

चांदूर रेल्वेसारख्या गावात हायब्रिड मोटार अजून क्वचितच दिसते. तिच्या मालकाबद्दलची मते मात्र तयार असतात. ‘मायलेजसाठी जीव टाकणारा चिक्कू’, ‘पर्यावरणाचा टेंभा मिरवणारा’, ‘रस्ता अडवून गोगलगायीसारखा चालणारा’. अशी मते बनतात कशी आणि ती तपासायची कशी, हे आपण पाहू या.

आधी गाडी समजून घेऊ. हायब्रिड मोटारीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेवर चालणारी मोटर आणि बॅटरी असते. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गतिज ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये वेग कमी होताना ही मोटरच जनित्राचे काम करते आणि त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत जातो. ब्रेक अलगद लावला तर जास्त ऊर्जा परत मिळते. करकचून लावला तर कमी. म्हणजे ‘हळू चालवणारा’ या समजात थोडे तथ्य निघाले, तरी त्याचे कारण यंत्रातही असू शकते. ते माणसाच्या स्वभावातच शोधायला नको.

टोयोटाची प्रियस ही हायब्रिड मोटार १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आली. पुढे अमेरिकेत तिच्या मालकांवर ‘स्वतःला फार शहाणे समजणारे’ असा शिक्का बसला. प्रियसचा आकार वेगळा, लांबूनच ओळखू येणारा. होंडा सिव्हिकची हायब्रिड आवृत्ती मात्र साध्या सिव्हिकसारखीच दिसे; तिचा चालक गर्दीत ओळखूच येत नसे. आपल्याकडे २०२२ साली आलेल्या मारुती ग्रँड व्हिटाराचेही तसेच आहे. तिचे हायब्रिड आणि साधे पेट्रोल मॉडेल लांबून जवळपास सारखेच दिसते. मग ‘हायब्रिडवाले असेच’ म्हणणाऱ्याने नेमके मोजले कोणाला?

याचे उत्तर एका प्रयोगात सापडते. १९७६ साली डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना ३९ वाक्ये वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात एका माणसाचे चांगले किंवा वाईट वागणे सांगितले होते. ‘अ’ गटाची २६ वाक्ये होती : १८ चांगली, ८ वाईट. ‘ब’ गटाची १३ : ९ चांगली, ४ वाईट. दोन्ही गटांतले प्रमाण अगदी सारखे. तरीही वाचणाऱ्यांना ‘ब’ गट अधिक वाईट वाटला. कारण लहान गट विरळा आणि वाईट वागणेही विरळे. दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की त्या मनात ठसतात. याला ‘आभासी सहसंबंध’ म्हणता येईल. एकदा मत बनले की त्याला जुळणारे प्रसंग आपण लक्षात ठेवतो आणि न जुळणारे विसरतो.

वर्गात करून पाहा

हायब्रिड गाड्या पुरेशा मिळणार नाहीत, म्हणून ऑटो आणि खाजगी मोटारी घ्या. पायी जाणाऱ्याला वाट देण्यासाठी कोण जास्त थांबते? मुलांनी आपला अंदाज आधीच वहीत लिहावा. मग शिक्षकांसोबत, शाळेच्या फाटकाच्या आत राहूनच, रोज ठरलेल्या वेळी आठवडाभर नोंदी कराव्यात. समजा, ४० मोटारींपैकी १० थांबल्या नाहीत आणि ८ ऑटोंपैकी २. दोन्हींचे प्रमाण एक चतुर्थांशच! पण फक्त ८ ऑटोंवरून सगळ्या ऑटोवाल्यांबद्दल निष्कर्ष काढता येईल का? यावर वर्गात चर्चा घ्या.

गाडीवरून केलेली थट्टा सहज विरून जाते. माणसांच्या समूहावर मारलेला शिक्का तसा पुसला जात नाही. इंग्रज सरकारच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारधीही त्या कायद्याच्या कचाट्यात सापडले. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण संशयाची नजर उरलीच. अमरावती जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आहेत आणि तिथली मुले आपल्या शाळांत येतात. वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली, तर आपली नजर आधी कोणाकडे वळते? त्या मुलाकडेच वळत असेल, तर मोजणी न करताच आपण निष्कर्ष काढलेला असतो. वहीतला तक्ता भरायला मुलांना शिकवताना आपणही तो एकदा मनाशी भरून पाहावा.