अंगणात थोडी माती राहू द्या

मृगाचा पहिला पाऊस पडला की नांदेडच्या रस्त्यांवरून काळपट पाणी वाहू लागतं. आपण म्हणतो, "बरं झालं, रस्ता धुऊन निघाला!" पण ती घाण गेली कुठं? गटारातून नाल्यात आणि नाल्यातून गोदावरीत.

या पाण्यात टायरची झीजही असते. स्कूटरचा टायर गुळगुळीत झाला की आपण बदलतो. झिजलेलं रबर मात्र भुकटी होऊन रस्त्यावरच पडलेलं असतं.

अमेरिकेत सिएटलच्या आसपास कोहो जातीचे सॅमन मासे समुद्रातून आपल्या जन्माच्या ओढ्यात अंडी घालायला येतात. जणू बाळंतपणाला माहेरीच! पण पाऊस झाला की शहरातल्या ओढ्यांत ते अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. कित्येक वर्षं कारण कळेना. ते २०२० साली उलगडलं. रबराला तडे जाऊ नयेत म्हणून टायरमध्ये '६-पीपीडी' नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचं विष बनतं. चम जातीच्या सॅमनला मात्र ते बाधत नाही. म्हणजे मासे दिसतात म्हणून पाणी निर्मळ, असं समजून चालत नाही.

यावरचा उपाय मात्र अगदी साधा निघाला. रस्त्याचं तेच पाणी वाळू, कंपोस्ट खत आणि झाडाच्या सालीच्या थरातून गाळून घेतलं, तर त्यात कोहो मासे जगले. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि आपण काय करतो? चिखल नको म्हणून अंगणभर कोबा नाहीतर फरशी! मग पाणी मुरणार कुठं? २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकर भगिनींना मुरलेल्या पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तेव्हा एवढं करा:

• कुंपणालगत हातभर रुंद मातीची पट्टी ठेवा. कर्दळ, अळू लावा. अंगणाचा उतार तिकडेच द्या.
• बोअरमध्ये छताचं पाणी गाळून सोडा, रस्त्याचं नको.
• गाडीच्या टायरात हवा योग्य तेवढी ठेवा. झीज कमी होते, पेट्रोलही वाचतं.
• होळीत जुने टायर जाळू देऊ नका.
• रस्त्याकडेला झाडांसाठी मातीचे पट्टे ठेवावेत, असा अर्ज महिला मंडळातर्फे नगरसेवकांकडे द्या.

अंगण धुऊन लख्ख दिसावं, हे खरंच. पण ते पाणी शेवटी नदीतच जातं, आणि पुढच्या गावची बाई तिथंच घागर भरते.