गणेशोत्सवातील मेळे

गणेशोत्सवातील मेळे म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवात पदे गात फिरणारी तरुणांची पथके होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात रुजलेली ही प्रथा पुढील अर्धशतक महाराष्ट्रात जोमात होती. स्वातंत्र्यलढ्यातील गणेशोत्सवाची चर्चा बहुधा लोकमान्य टिळकांच्या नावापाशी थांबते. परंतु राजकीय विचार आळीआळीत पोहोचवण्याचे काम मोठ्या प्रमाणात मेळ्यांनीच केले.

पार्श्वभूमी

पेशवाईत शनिवारवाड्यात हा उत्सव थाटाने होई. पेशवाईनंतर तो मुख्यतः घरगुती राहिला. इ.स. १८९३ मध्ये पुण्यात कृष्णाजीपंत खासगीवाले, भाऊसाहेब रंगारी व घोटवडेकर यांनी सार्वजनिक गणपती बसवले. खासगीवाले यांनी ग्वाल्हेर संस्थानात असा उत्सव पाहिला होता. रंगारी यांचा उत्सव १८९२ चा असल्याचा त्यांच्या मंडळाचा दावा आहे. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये उत्सवाचे १२५ वे वर्ष साजरे केले, तेव्हा हा वाद पुन्हा उफाळला. टिळकांनी ‘केसरी’तून उत्सवाचा पुरस्कार केला आणि १८९४ मध्ये विंचूरकर वाड्यात गणपती बसवला. त्यामुळे त्यांना उत्सवाचे जनक म्हणण्यापेक्षा त्याला व्यापक व राजकीय रूप देणारे म्हणणे अधिक नेमके ठरते.

याच सुमारास, ऑगस्ट १८९३ मध्ये, मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती. तोवर अनेक हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेने सहभागी होत. दंगलीनंतर त्यांनी त्यापासून दूर राहावे असा प्रचार सुरू झाला. गंमत अशी की, मेळ्यांचा घाट मोहरममधील गाणाऱ्या टोळ्यांशीच मिळताजुळता होता. सुरुवातीच्या काही पदांत मुसलमानांविरुद्ध कडवटपणा होता, हेही नोंदवले पाहिजे. १८९४ च्या उत्सवात पुण्यात दारूवाला पुलाजवळ मशिदीसमोरील वाद्यांवरून चकमक झडली.

स्वरूप

मेळ्यात प्रामुख्याने विद्यार्थी असत. ठरावीक पोशाख, पुष्कळदा मावळ्यांचा वेश, हाती काठ्या आणि तालावरची पावले असा त्यांचा थाट असे. उत्सवाआधी पदांच्या तालमी होत आणि मग मेळा एका मांडवातून दुसऱ्या मांडवात जाई. पुण्याचा सन्मित्र समाज मेळा विशेष नावाजला. गणेशस्तवनानंतर शिवचरित्र येई. वंगभंगानंतर, म्हणजे १९०५ पासून, त्यात स्वदेशी, बहिष्कार व मद्यपाननिषेध हे विषय आले. ज्याला वृत्तपत्र वाचता येत नव्हते त्यालाही ओळखीच्या चालीवरचे पद चटकन पाठ होई. पुराणातील दैत्याचे वर्णन ऐकताना श्रोत्यांना नेमका कोण दैत्य ते बरोबर उमगे. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकाने रंगभूमीवर हेच साधले होते. सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली.

सरकारी निर्बंध

१९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी ‘इंडियन अनरेस्ट’ (१९१०) या पुस्तकात गणेशोत्सव व शिवजयंती उत्सवाला असंतोषाची साधने ठरवले. १९१० च्या सुमारास मेळ्यांवर कडक निर्बंध आले आणि त्यांचा राजकीय आवाज काही काळ क्षीण झाला.

छत्रपती मेळा

मेळा हे साधन एकाच गटाच्या मालकीचे राहिले नाही. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर चळवळीतील तरुणांनी पुण्यात छत्रपती मेळा उभा केला. शिवाजी महाराजांचा वारसा कोणाचा, हा प्रश्न त्याने पदांतून उघडपणे विचारला आणि ब्राह्मणी पुढारीपणावर जहाल टीका केली. सन्मित्र मेळ्याशी त्याची चुरस पुण्यात गाजली. पदाला पदाने उत्तर मिळू लागले, आणि प्रसंगी शब्दांवरून प्रकरण हातघाईवरही येई. जेधे पुढे काँग्रेसमध्ये सामील होऊन स्वातंत्र्यलढ्यात उतरले.

स्वातंत्र्यानंतर चित्रपटगीते, ध्वनिवर्धक व वाद्यवृंद यांनी मांडवाचा ताबा घेतला आणि मेळे हळूहळू मागे पडले.